सुपरहिरो मालिकांचा शेवटचा भाग आणि प्रेक्षकांच्या तोंडाला पुसलेली पाने

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ओटीटीवरच्या नव्या मालिकांची परीक्षणे मी नियमित वाचतो आणि त्यांतली एक गोष्ट मला फार दिवसांपासून खटकते आहे. परीक्षण लिहिले जाते ते पहिले दोन-तीन भाग पाहून. मालिका कशी सुरू झाली, कलाकार कसे आहेत, खर्च किती केला आहे, हे सगळे त्यात असते. परंतु सहा किंवा नऊ आठवड्यांनी ती मालिका कुठे जाऊन थांबली, आणि जिथे थांबली तिथे थांबण्यात काही अर्थ होता का, याविषयी नंतर कुणी चकार शब्द काढत नाही. इतर मालिकांच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. सुपरहिरोंच्या मालिकांच्या बाबतीत चालू नये, कारण त्यांचा खरा दोष शेवटच्या भागातच असतो आणि तो इतक्या नेमाने आढळतो की त्याला अपघात म्हणणे अवघड आहे.

मी अमळनेरच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आठवी-नववीच्या वर्गांत या मालिका पाहिलेली मुले दरवर्षी भेटतात. कुणी हिंदीतून पाहिलेली असते, कुणी इंग्रजीतून. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे गेला की दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते, आणि मग पडदे ओढून, कूलरसमोर बसून मुले पर्वेच्या पर्वे संपवतात. आमच्या घरी मुलगी आणि पुतण्या यांच्याबरोबर मीही पाहतो, आवडीने पाहतो. हा सगळा पोरकट प्रकार आहे, त्यावर वर्तमानपत्राला पत्र काय लिहायचे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. आज आपल्या मुलांना गोष्टी सांगण्याचे काम मोठ्या प्रमाणात याच मालिका करत आहेत. गोष्ट कशी उभी राहते, कशी वाढते आणि कशी मिटते, याची समज मुलांमध्ये त्यांतूनच घडते आहे, म्हणून तक्रारही तितक्याच गांभीर्याने करायला हवी.

पुढील मजकुरात काही मालिकांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांनी त्या पाहिल्या नसतील त्यांनी कृपया जपून वाचावे.

माझे म्हणणे एकच आहे. मालिकेने पर्वाच्या सुरुवातीला जो प्रश्न आपल्यासमोर मांडला, त्याचे उत्तर तिने त्याच पर्वाच्या शेवटी दिले पाहिजे. उत्तर दुःखाचे असेल, कडू असेल, आपल्याला पटणारही नाही, तरी ते मिळाले पाहिजे. सुपरहिरोंच्या मालिका बहुतेक वेळा ते देत नाहीत. त्याऐवजी अर्धा तास आकाशात मारामारी चालते, आणि श्रेयनामावली सरकू लागली की मध्येच पुढच्या चित्रपटाची किंवा पुढच्या मालिकेची चुणूक दाखवून आपली बोळवण केली जाते.

उदाहरणासाठी मी या प्रकारातली सर्वांत वाईट मालिका घेत नाही, माझ्या मते सर्वांत चांगल्या मालिकांपैकी एक घेतो. 'वांडाव्हिजन' १५ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली, नऊ भागांची होती आणि तिच्या पहिल्या आठ भागांसारखे काम या प्रकारात फार थोडे झाले आहे. वांडाचा जोडीदार व्हिजन मरण पावला आहे. ते दुःख सहन न होऊन ती न्यू जर्सीतले वेस्टव्ह्यू नावाचे एक आख्खे गाव आपल्या शक्तीने वेढून घेते आणि त्यात जुन्या अमेरिकी कौटुंबिक विनोदी मालिकांसारखा आपला सुखी संसार थाटते. गावातली माणसे त्या संसारातली शेजारीपाजारी होतात. ती हसतात, बोलतात, वेळेवर दार ठोठावतात. पण त्यांची मने तिच्या मुठीत असतात. म्हणजे मालिकेने प्रश्न विचारला तो असा: एका माणसाचे दुःख कितीही खरे असले, तरी त्यापायी त्याने हजारो निरपराध माणसांना कोंडून ठेवले, तर आपण त्याला काय म्हणायचे आणि त्याने स्वतःला काय सांगायचे?

५ मार्च २०२१ रोजी आलेल्या शेवटच्या भागात हे गावकरी थोडा वेळ भानावर येतात आणि वांडाभोवती गोळा होतात. त्यांच्यातली एक बाई तिला सांगते, माझी आठ वर्षांची मुलगी खोलीत अडकून पडली आहे. तुझ्या मुलांची मैत्रीण म्हणून तिला तुझ्या गोष्टीत काहीतरी काम दे, नाहीतर निदान खोलीबाहेर तरी येऊ दे, मला तिला जवळ घेऊ दे. आणखी कुणी सांगते की आम्हाला झोपेतसुद्धा तुझीच वाईट स्वप्ने पडतात. सोडणार नसशील तर मरू तरी दे, इथपर्यंत ती माणसे येतात. तो प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा आहे, परंतु आठ भागांत जे जे पेरले होते ते सगळे तिथे उगवून वर आले होते. मालिकेला यापुढे फक्त त्या बाईकडे पाहायचे होते.

मालिका तिच्याकडे पाहत नाही. ती वर आकाशात जाते. वांडा आणि अगाथा नावाची चेटकीण ढगांत एकमेकींवर तांबडे-जांभळे झोत फेकत बसतात, खाली दोन व्हिजन, एक वांडाने आपल्या शक्तीने घडवलेला आणि दुसरा मेलेल्या व्हिजनच्या शरीरातून पुन्हा उभा केलेला पांढरा, एकमेकांना भिंतींवर आपटतात, सैनिक येतात, गोळ्या सुटतात. हे सारे आटोपल्यावर वांडा गावाच्या चौकातून चालत निघते. लोक तिच्याकडे तिरस्काराने पाहत उभे असतात. तेव्हा मोनिका ही तिची बाजू घेणारी सरकारी अधिकारी तिला म्हणते की तू त्यांच्यासाठी कशाचा त्याग केलास ते त्यांना कधीच कळणार नाही. मला त्या वाक्याने आजही अस्वस्थ व्हायला होते. कोंडलेल्या माणसांना सोडून देणे हा कोंडणाऱ्याचा त्याग कसा होतो? जिची मुलगी खोलीत बंद होती त्या बाईला वांडा काय सांगून गेली? एक शब्द नाही. वांडा उडून जाते. एवढेच नव्हे, तर जाण्यापूर्वी ती अगाथाला त्याच गावात खोट्या शेजारणीच्या रूपात अडकवून ठेवते, म्हणजे ज्या अपराधातून ती बाहेर पडली असे आपल्याला वाटायला हवे, तोच अपराध ती जाता जाता पुन्हा करते, आणि पटकथेला त्यात काही वावगे दिसत नाही.

याच भागात काही फार चांगलेही आहे, ते सांगितले नाही तर अन्याय होईल. दोन्ही व्हिजन मारामारी थांबवून ग्रंथालयात उभे राहतात आणि एका जुन्या ग्रीक कोड्यावर बोलतात: जहाजाच्या सगळ्या फळ्या एकेक करून बदलल्या तर ते जहाज तेच राहते का? त्या बोलण्यातूनच त्यांचे भांडण मिटते. ठोसा न मारता पेच सुटू शकतो हे लेखकांना पुरेपूर ठाऊक होते, याचा हा पुरावा. मग तो पांढरा व्हिजन स्मृती परत मिळाल्यावर आकाशात निघून जातो आणि या मालिकेत त्याचे पुढे काहीच होत नाही. शेवटी गावाभोवतालची भिंत घराकडे सरकत येते आहे आणि वांडा-व्हिजन मुलांना झोपवून एकमेकांचा निरोप घेत आहेत, तो प्रसंग पाहताना माझ्या मुलीला रडू आवरले नाही. इतके ज्यांना साधते त्यांनी बाकीचा भाग असा वाया घालवावा, याचे वाईट वाटते.

इतर मालिकांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण रोग तोच आहे. 'मून नाइट'च्या पाचव्या भागात नायकाचे बालपण, भावाचा पाण्यात झालेला मृत्यू आणि आईचा छळ इतक्या धीराने दाखवला आहे की दुभंगलेल्या मनाची ती गोष्ट आता कशी मिटते याची उत्सुकता लागते. सहाव्या आणि शेवटच्या भागात कैरोत दोन डोंगराएवढे देव एकमेकांशी झुंजतात, आणि नायक ज्या शत्रूशी इतके दिवस लढत होता त्याला हरवण्याचा क्षण आला की पडद्यावर अंधार होतो. उजेड येतो तेव्हा शत्रू आधीच लोळवलेला असतो. तो कुणी लोळवला हे श्रेयनामावलीनंतरच्या तुकड्यासाठी राखून ठेवले आहे. 'सीक्रेट इन्व्हेजन' ही २०२३ सालची मालिका कुणावर विश्वास ठेवावा या शंकेवर उभी होती, त्यात सॅम्युएल जॅक्सनसारखा नट होता. तिच्या शेवटी दोन पात्रे अनेक नायकांच्या शक्ती अंगात घेऊन संगणकाने काढलेल्या हातापायांनी हाणामारी करतात. माझी आई या मालिका पाहत नाही, पण आम्ही पाहत असताना जवळ येऊन बसते आणि उठण्यापूर्वी अहिराणीत विचारते, "मंग शेवटले काय व्हयनं?" अशा भागानंतर तिला सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नसते.

'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या मालिकेचे मात्र खान्देशातल्या वाचकाला अधिक वाईट वाटेल. त्यातली कार्ली नावाची मुलगी विस्थापितांचा प्रश्न घेऊन उभी राहते. जगातली नाहीशी झालेली निम्मी माणसे पाच वर्षांनी परत येतात आणि मधल्या काळात ज्यांना घरे व आसरा मिळाला होता त्यांना हुसकावले जाऊ लागते. नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हा विषय परका वाटणार नाही. तो मांडण्याचे धाडस मालिकेने केले, हे मी मान्य करतो. पण २३ एप्रिल २०२१ च्या शेवटच्या भागात कार्लीला गोळी घातली जाते, तिचे उरलेले साथीदार गाडीतल्या स्फोटात मारले जातात आणि नवा कॅप्टन अमेरिका पुढाऱ्यांसमोर उभा राहून तुम्ही नीट वागा असे भाषण करतो. भाषणाने पुनर्वसन होत नाही. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना मारून टाकले म्हणजे प्रश्नाला उत्तर मिळाले, असेही होत नाही.

'मिस मार्व्हल' या मालिकेविषयी वेगळे लिहावेसे वाटते. जळगावच्या सिंधी कॉलनीत राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्यांच्या घरी आम्ही तिचा पाचवा भाग पाहिला. कमला खान ही अमेरिकेत वाढलेली मुलगी त्यात १९४७ च्या ऑगस्टमधल्या एका रेल्वे फलाटावर पोहोचते. गर्दीत हरवलेल्या एका तान्ह्या मुलीला, म्हणजे स्वतःच्याच आजीला, तिच्या वडिलांपर्यंत पोहोचवते. माझ्या सहकाऱ्यांचे आजोबा सिंधमधून असेच निघाले होते. भाग संपल्यावर घरात कुणी बराच वेळ काही बोलले नाही. अमेरिकी सुपरहिरोच्या मालिकेने आपल्या फाळणीपाशी इतक्या आदराने येऊन थांबावे याचे मला अजूनही नवल वाटते. परंतु त्या रात्रीचे जे ओझे कमलाने पाहिले, ते घेऊन ती घरी परतल्यावर तिच्यात, तिच्या आईत, आजीत काय बदलले, हे सांगायला एक भाग उरला होता आणि तो जवळजवळ सगळा शाळेच्या इमारतीत सरकारी पथकाला चकवण्यात गेला. शेवटी तर एका वाक्यात तिच्या शक्तीचे मूळ जनुकांत असल्याचे सुचवून मागे दुसऱ्या मालिकेची धून वाजवली आणि त्यानंतर २०२३ मध्ये येणाऱ्या चित्रपटासाठी तिला पडद्यावरून गायबच केले. फाळणीची ती आगगाडी पाचव्या भागातच राहिली.

हे दोष बाहेरच्यांनाच दिसतात असेही नाही. २०२२ सालच्या 'शी-हल्क' मालिकेच्या शेवटच्या भागात नायिका जेनिफर आपल्याच मालिकेतून बाहेर पडते, लेखकांच्या खोलीत शिरते, पुढे सारे निर्णय घेणाऱ्या एका यंत्रापुढे उभी राहते आणि विचारते की सगळ्या गोष्टी शेवटी अशा एकाच साच्यात का जातात. तिचा प्रश्न माझाच आहे. परंतु तक्रार केल्यावर ती खलनायकाने चोरलेल्या शक्तीचा धागा काढून टाकायला लावते आणि मालिका तिला थेट निकाल लागल्यानंतरच्या क्षणावर आणून उभी करते. म्हणजे चुकीचा शेवट काढला, पण बरोबर शेवट लिहिण्याचे काम तसेच राहिले. दोष कळूनही तो टाळता न येणे हे मला न कळण्यापेक्षा गंभीर वाटते.

असे का होते, याची काही कारणे आता बाहेर आली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील 'हॉलिवूड रिपोर्टर' या नियतकालिकाने बातमी दिली की वरच्या सगळ्या मालिका काढणाऱ्या मार्व्हल या कंपनीने तोवर आपल्या मालिका चित्रपटांसारख्याच केल्या होत्या. दूरचित्रवाणीच्या धंद्यात मालिकेची आखणी, लेखन आणि अखेरची जबाबदारी एका माणसावर असते, त्याला शोरनर म्हणतात. मार्व्हलकडे तो नव्हताच. मुख्य लेखक लिहून मोकळा होई, दिग्दर्शक चित्रीकरण करी आणि बाकीचे पुनर्चित्रीकरणात व संकलनात सावरून घेतले जाई. सहा भागांची मालिका म्हणजे सहा तुकड्यांत कापलेला चित्रपट, असा तो हिशेब होता. चित्रपटाच्या शेवटी भव्य लढाई लागते, म्हणून सहाव्या तुकड्यातही ती आली. त्या बातमीच्या सुमारास 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'चे मुख्य लेखक बदलून शोरनर नेमला गेला, ही सुधारणाच म्हणायची. तरीही १५ एप्रिल २०२५ रोजी आलेल्या तिच्या पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात महापौर झालेला खलनायक फिस्क शहरावर लष्करी राजवट लादतो, नायक साथीदार गोळा करायला निघतो, आणि पर्व संपते. खरी झुंज पुढच्या पर्वात. नऊ भाग पाहणाऱ्याला नमनाचेच तेल मिळाले.

ओटीटीच्या आधीच्या काळात दोष वेगळ्या रूपात होता. अमेरिकी वाहिन्यांवर पर्व वीस-बावीस भागांचे असे, ते मे महिन्यात संपे, आणि पुढचे पर्व मिळेल की नाही हेही साधारण त्याच सुमारास ठरे. त्यामुळे प्रेक्षकांना आणि वाहिनीलाही बांधून ठेवण्यासाठी शेवटी नायकाला कड्यावर लटकवून ठेवण्याची सवय लागली. 'द फ्लॅश'चे पहिले पर्व याचे मला सर्वांत दुखणारे उदाहरण वाटते. बॅरी लहान असताना त्याच्या आईचा खून झाला आहे; वेगाच्या जोरावर भूतकाळात जाऊन तो तिला वाचवील का, हा त्या २३ भागांचा प्रश्न. १९ मे २०१५ च्या शेवटच्या भागात तो त्या रात्रीत पोहोचतो, दाराआड उभा राहतो, आणि आत भविष्यातला तो स्वतःच त्याला हाताने थांबण्याची खूण करतो. बॅरी थांबतो. खून होऊ देतो. मग शेवटच्या श्वासावर असलेल्या आईजवळ बसून मुखवटा काढतो आणि सांगतो की मी आणि बाबा सुखरूप आहोत. मुलाने आईला वाचवायचे नाही असे ठरवावे आणि तरी तिला एकटे मरू देऊ नये, इतके मोठे उत्तर या प्रकारात मी क्वचितच पाहिले. पर्व तिथे मिटायला हवे होते. काही मिनिटांतच शहरावर आकाशात भोवरा उघडतो, बॅरी त्याच्या दिशेने धावतो आणि पडदा पडतो. ऑक्टोबरमध्ये परत आल्यावर तो पेच मागच्या आठवणींच्या तुकड्यांत उरकला जातो. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस हाच बॅरी पुन्हा त्याच रात्रीत जाऊन आईला वाचवतो, म्हणजे पहिल्या पर्वाचे उत्तरच खोडून टाकतो, आणि तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात तेही मागे घेतले जाते. येरे माझ्या मागल्या! पुढे ती मालिका २०२३ पर्यंत, एकूण नऊ पर्वे चालली, पण त्या दाराआडच्या क्षणाची उंची तिला पुन्हा गाठता आली नाही, असे माझे मत आहे.

लटकवून ठेवलेला नायक कधीकधी लटकलेलाच राहतो. 'एजंट कार्टर'चे दुसरे पर्व १ मार्च २०१६ रोजी नायिकेचा सहकारी थॉम्पसन याला हॉटेलच्या खोलीत गोळी लागल्यावर संपले. मे महिन्यात मालिका बंद झाली. 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो'चे सातवे पर्व २ मार्च २०२२ रोजी सगळ्या पात्रांना अटक होऊन संपले आणि पुढच्याच महिन्यात मालिका बंद केल्याचे जाहीर झाले. सात पर्वे ज्यांनी साथ दिली त्या प्रेक्षकांनी निरोप घ्यायचा तो बेड्या घातलेल्या पात्रांचा. मालिका बंद करणे हा वाहिनीचा अधिकार आहे, त्याबद्दल मी भांडत नाही. पण बंद होण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना लेखकाने गोष्ट अशा जागी सोडावी की ती बंद झाली तर प्रेक्षकांची फसवणूक होईल, हे मला जबाबदारीचे वाटत नाही. 'स्मॉलव्हिल'ला तर दहा वर्षे आणि दहा पर्वे मिळाली, मालिका संपणार हेही आधीच जाहीर झाले होते. कोवळ्या क्लार्कचा सुपरमॅन कसा झाला, हाच तिचा विषय. १३ मे २०११ च्या शेवटच्या भागात क्लार्क झालेला नट टॉम वेलिंग सुपरमॅनच्या पूर्ण वेशात जवळून एकदाही दिसत नाही. दुरून उडणारी संगणकाची आकृती तेवढी दिसते.

यावर एक उत्तर नेहमी मिळते की सुपरहिरोंच्या गोष्टी मुळात न संपणाऱ्याच असतात. १९३८ पासून सुपरमॅन छापला जातो आहे, तो कुठे संपला? हे उत्तर मला अपुरे वाटते. कॉमिक्सचे अंक दरमहा निघत राहिले तरी त्यांतली कथानके काही अंकांत पुरी होतात, मग नवे कथानक सुरू होते. चालू राहणे आणि अर्धवट राहणे यांत फरक आहे. आमच्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. सात दिवस रोज नवे कीर्तनकार, रोज नवा अभंग. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचे कीर्तन होते, हंडी फुटते, महाप्रसादाची पंगत बसते आणि मगच मंडप सुटतो. पुढच्या वर्षी सप्ताह पुन्हा बसणार हे सगळ्यांनाच ठाऊक असते, पण म्हणून यंदाचा काला कुणी पुढच्या वर्षावर टाकत नाही.

दुसरे उत्तर असे की मुलांना मारामारीच हवी असते. माझा वर्गातला अनुभव तसा नाही. नववीच्या मुलांना मी एकदा आवडत्या मालिकेचा शेवट आपल्या मनाप्रमाणे लिहून आणायला सांगितले होते. काहींनी लढाया लिहिल्या, हे खरे. पण एका मुलीने 'वांडाव्हिजन' घेतली होती. तिच्या वहीत लढाई दोन ओळींत संपली होती. पुढचे दीड पान वांडा त्या बाईच्या घरी जाते, खोलीचे दार स्वतः उघडते आणि मुलीपुढे काय बोलावे ते तिला सुचत नाही, यावर होते. शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. मी त्या दिवशी त्यांना लाल शाई लावली नाही. मालिकेच्या लेखकांनी जो प्रसंग टाळला, तो चौदा वर्षांच्या मुलीला टाळावासा वाटला नाही.

आणि चांगला शेवट या प्रकारात होत नाही, असेही नाही. 'बॉर्न अगेन'च्या आधीच्या मूळ 'डेअरडेव्हिल'चे तिसरे पर्व ऑक्टोबर २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आले. फिस्कला ठार मारायचे असे ठरवून बसलेला नायक मॅट खरोखर मारील का, हा त्याचा प्रश्न. तेराव्या भागात फिस्क त्याच्या हाताखाली सापडतो आणि मॅट त्याला मारत नाही. झगडा होतो, तो अंगावर येतो, पण त्या झगड्यातच निर्णय होतो. नंतर तिघे मित्र पुन्हा एकत्र काम करायचे ठरवतात. पुढच्यासाठी एक लहानशी खूण ठेवली आहे, पण ती उत्तर देऊन झाल्यावर. नोव्हेंबरमध्ये मालिका बंद झाली तेव्हा गोष्ट पुरी झालेली होती. त्याच वर्षी, त्याच मंचावर आलेल्या 'ल्यूक केज'च्या दुसऱ्या पर्वात नायक गुंडांच्या अड्ड्याच्या गादीवर बसतो आणि तो बिघडला की नाही हे पुढच्या पर्वावर सोडले जाते. ते पर्व आलेच नाही, म्हणून त्या मालिकेपुरता तो नायक त्या गादीवरच बसलेला राहिला. दोन्ही मालिकांवर सारखेच संकट आले. एकीने आपले घोंगडे वेळेत झटकले होते, दुसरीने भिजत ठेवले होते.

'लोकी'चा दुसऱ्या पर्वाचा शेवट, नोव्हेंबर २०२३ मधला, मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून पाहायला सांगतो. कोसळत चाललेला काळ सावरण्यासाठी लोकी पुन्हा पुन्हा त्याच क्षणात जातो, त्यासाठी लागणारे शास्त्र शिकण्यात शतके घालवतो आणि तरी हरतो, कारण जे यंत्र वाचवायचे तेच मुळात चुकीचे आहे. अखेर तो ते मोडतो आणि तुटत चाललेल्या काळाच्या फांद्या स्वतःच्या हातांत धरून एका आसनावर जाऊन बसतो. ज्याला आयुष्यभर सिंहासन हवे होते त्याला ते मिळते, आणि त्यावर त्याला कायमचे एकट्याने बसावे लागते. त्या अखेरच्या प्रसंगात एकही ठोसा मारला जात नाही. एचबीओची 'वॉचमेन' २०१९ च्या डिसेंबरमध्ये नवव्या भागाबरोबर संपली. अखेरच्या क्षणी नायिका पाण्यावर पाऊल टेकवू पाहते आणि पडदा मिटतो. पाऊल टिकते की बुडते ते दाखवलेले नाही, तरी कुणी फसवल्यासारखे वाटत नाही, कारण वारशाने आलेल्या अन्यायाचे काय करायचे हा तिचा मूळ प्रश्न तोवर पुरा बोलून झालेला असतो. लेखक डेमन लिंडेलॉफ यांनी पुढचे पर्व करण्यास नकार दिला, याचा मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

म्हणून आपल्याला विनंती आहे की आपल्या पुरवणीने मालिका संपल्यानंतरही एक परीक्षण छापावे. ते शेवटचा भाग आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी यावे, शेवट उघड केल्याची सूचना वर ठळकपणे द्यावी, आणि पर्वाने स्वतः उभा केलेला प्रश्न सोडवला की नाही एवढे त्यात स्पष्ट लिहावे. पहिल्या दोन भागांना चार तारे देऊन झाले असतील आणि शेवटी वेळ मारून नेली असेल, तर तारे कमी करायला संकोच करू नये. एखादे पर्व अर्ध्यावर सोडलेले असेल आणि पुढचे नक्की झालेले नसेल, तर तेही सांगावे, म्हणजे ज्यांना थांबायचे आहे ते पुढच्या पर्वाची तारीख जाहीर होईपर्यंत थांबतील आणि त्या सुट्टीत दुसरे काही पाहतील.

कळावे,
आपला विश्वासू,
एक शिक्षक व नियमित वाचक
अमळनेर, जि. जळगाव